मैदानाच्या दारावरील पाटी



आपल्या महाराष्ट्रात केशकर्तनालयांतून, चहाच्या हॉटेलांतून आणि क्वचित वाचनालयांतूनसुद्धा एक पाटी दिसत आली आहे : 'येथे राजकीय चर्चा करू नये.' ज्या भिंतीवर ही पाटी टांगलेली असते त्याच भिंतीला टेकून बसलेली मंडळी मंत्रिमंडळे पाडीत असतात आणि नवी बसवीत असतात, हा भाग निराळा. पण पाटी लावणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. माणसे दाढी करावयास येतात, चहा प्यावयास येतात; ती भांडून उठू नयेत, एवढीच त्याची इच्छा असते.

आजचा माझा विषय या पाटीसंबंधी आहे. तो सुचला तो असा. मी ज्या बुद्धिबळ मंडळाचा जुना सभासद आहे (जुना म्हणजे वयाने, खेळाने अजून नवाच आहे), त्या मंडळात गेल्या निवडणुकीच्या दिवसांत कडाक्याचे भांडण झाले. वीस वर्षे एका पटावर समोरासमोर बसलेले दोन स्नेही पक्षांच्या वादावरून एकमेकांशी बोलेनासे झाले. त्याच सुमारास दुसरीही एक कुरबूर चालू होती. एका तरुण सभासदाने विचारले होते, की ओढ्यापलीकडच्या वस्तीतील मुले शाळांच्या स्पर्धांत इतकी चांगली खेळतात, मग आपल्या मंडळात त्यांच्यापैकी एकही का नाही? आपण ज्या वाड्याच्या दिवाणखान्यात जमतो तेथे यावयास ती बिचकतात काय? आठवड्यातून एक दिवस पट तिकडच्या शाळेत मांडावेत काय? त्याला दोघातिघांनी तेथल्या तेथे गप्प केले. 'बाबा रे, येथे राजकारण आणू नकोस', असे ते म्हणाले.

या दोन्ही प्रकारांना कंटाळून आमच्या चिटणिसांनी मंडळाच्या घटनेत एक कलम घालण्याची सूचना केली. मंडळाच्या जागेत कोणत्याही राजकीय विषयाची चर्चा होऊ नये, असे ते कलम. त्यांनी माझे मत विचारले आणि मी, खरे सांगतो, चटकन मान डोलावली. घरी आल्यावर मात्र मनाला स्वस्थता वाटेना. इतिहासाचा नाद असलेल्या माणसाला अडचण पडली की तो मागे वळून पाहतो. मीही पाहिले, आणि ध्यानात आले, की छंदाच्या जागी राजकारण यावे की न यावे, हा वाद आपल्याच मुलखात एकदा फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेलेला आहे. तो सत्तर वर्षांच्या आसपास चालला. त्याची जागा होती मुंबईचे मैदान, आणि निमित्त होते क्रिकेटचे.

मुंबईत एतद्देशीयांपैकी क्रिकेट प्रथम उचलले ते पारशांनी. १८४८ मध्ये त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब निघाला. साहेबाचा खेळ पाहावा, त्याने टाकून दिलेली बॅट उचलावी आणि आपणही दोन हात खेळून पाहावे, असा तो निर्मळ छंद होता. पण छंदाला जागा लागते. मुंबईच्या किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावर हे पारशी व इतर हिंदी तरुण खेळत, आणि त्याच मैदानावर युरोपियन मंडळी पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखणली जाई आणि त्या खड्ड्यांतून चेंडू कसा उसळेल याचा भरवसा नसे. १८७५ साली निघालेल्या बॉम्बे जिमखान्याची स्वतःची राखलेली हिरवळ होती. तेथे घोडे जात नसत आणि हिंदी माणूसही सभासद म्हणून जाऊ शकत नसे. तेव्हा १८८० च्या आगेमागे या खेळाडूंनी सरकारकडे अर्जामागून अर्ज धाडले. आठवड्यातील थोडे दिवस पोलो खेळणाऱ्या मूठभर लोकांसाठी रोज खेळणाऱ्या शेकडो तरुणांचे मैदान का नासावे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. शापूरजी सोराबजी नावाच्या पारशी गृहस्थाने १८९७ मध्ये पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला तेव्हा त्यात पोलो विरुद्ध क्रिकेट या झगड्याला त्याने मोठी जागा दिली.

आता या अर्जदारांना आपण काय म्हणावे? त्यांना स्वराज्य मागावयाचे नव्हते. काँग्रेसचा जन्मही अजून व्हावयाचा होता. त्यांना फक्त चेंडू सरळ यावयास हवा होता. परंतु चेंडू वाकडा का येतो याचा शोध घेत गेले, तेव्हा ते थेट सचिवालयाच्या दारात जाऊन उभे राहिले. मैदानात राजकारण त्यांनी आणले नाही. ते घोड्यावर बसून आधीच आलेले होते.

सरकारने पुढे तोड काढली ती मोठी मासलेवाईक होती. केनेडी सी-फेसवर, समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर, जिमखान्यांसाठी तुकडे देण्यात आले. पण ते जमातवार. पारशांना दिला म्हणून मुसलमानांना, आणि त्यांना दिला म्हणून हिंदूंना. आजही मरीन लाइन्सच्या बाजूने जाताना हे तिन्ही जिमखाने एका ओळीत दिसतात. पारशी जिमखाना १८८५ चा, इस्लाम जिमखाना १८९२ चा आणि हिंदू जिमखाना १८९४ चा. एकाच चौपाटीचा वारा तिघांना लागतो, पण दारे तीन. जशी दारे तसे संघ. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे वार्षिक सामने सुरू झाले. १९०७ मध्ये हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमान आले आणि ते चौरंगी झाले. हे रंग मुंबईकरांना इतके आवडले, की सामन्यांच्या दिवसांत कचेऱ्या ओस पडत आणि झाडांच्या फांद्या माणसांनी लगडून जात.

या रंगांच्या आत आणखीही रंग होते. त्यांची कथा सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

पुण्याला लष्करात नोकरीस असलेल्या एका गृहस्थाचा बाळू नावाचा मुलगा होता. जात चर्मकार, आडनाव पालवणकर. जन्म १८७६ चा. तो प्रथम पारशांच्या एका क्लबात आणि नंतर युरोपियनांच्या पूना क्लबात मैदानावरील गडी म्हणून लागला. पगार दरमहा चार रुपये. खेळपट्टीवर रूळ फिरवावयाचा, जाळी बांधावयाची, आणि साहेब लोक सरावाला आले की त्यांना गोलंदाजी करावयाची. शेकडो तास त्याने साहेबांना चेंडू टाकले आणि त्यातून त्याची डावखुरी मंदगती गोलंदाजी अशी तयार झाली, की साहेबही चकित झाले. पण त्याच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी हा धन्याचा मान होता आणि गोलंदाजी हे गड्याचे काम.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवावयाचे होते. तेव्हा प्रश्न आला, की या अस्पृश्य गोलंदाजाला संघात घ्यावे की न घ्यावे. वाद झाला आणि बाळूंना घेण्यात आले. येथे एक विलक्षण व्यवहार ठरला. मैदानावर बाळूंनी हाताळलेला चेंडू ब्राह्मण खेळाडूंनी हातात घ्यावयाचा, त्याला काही बाध नाही. पण चहाची सुट्टी झाली, की इतरांनी आत जाऊन चिनी मातीच्या कपातून चहा प्यावयाचा आणि बाळूंनी बाहेर उभे राहून, पिऊन फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यातून. जेवणाची ताटली वेगळी, मेज वेगळे. हात धुवावयाचे झाले तर क्लबातील अस्पृश्य नोकराने मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन पाणी घालावयाचे.

श्रोतेहो, त्या क्लबाच्या घटनेत राजकीय चर्चेला बंदी होती की नव्हती याची चौकशी करण्याची मला गरज वाटत नाही. बंदी असती तरी ती कोणाला लागू पडली असती? कपातून चहा पिणारे अकरा वेळा चहा प्याले तरी त्यांच्याकडून राजकारणाचा शब्द निघाला नसता. त्यांना बोलावयाचे काही कारणच नव्हते. बाहेर उभ्या असलेल्या बाराव्याने 'मला आत का नाही?' असे विचारले असते, तर मात्र ती चर्चा झाली असती आणि ती राजकीय ठरली असती. ही पाटी सर्वांवर सारखी लिहिलेली असते, पण ती सर्वांना सारखी लागू पडत नाही. ज्याची सोय आधीच झालेली आहे त्याला ती पाळावयास काहीच पडत नाही.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस आले आणि तेथे हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. त्यांचे धाकटे बंधू शिवरामही त्यांना येऊन मिळाले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना हरविले तेव्हा या दोघा भावांचा त्यात मोठा वाटा होता. मुंबईच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' पत्राने त्या विजयावर लिहिले आणि त्यात विशेष म्हणून हेच नोंदविले, की पुण्याच्या खेळाडूंनी बाळूंना खेळात घेतले पण चहा बाहेर दिला, आणि मुंबईच्या हिंदू जिमखान्याने मात्र त्यांना आपल्या पंक्तीला बसविले. सामन्याच्या वार्तेत पंगतीची वार्ता आली. कोणी म्हणेल, की येथे राजकारण शिरले. मी म्हणेन, की येथे मैदानातील एक जुने राजकारण थोडेसे बाहेर गेले.

ते पुरते गेले नव्हते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ विलायतेस गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी शंभरांवर बळी घेतले आणि तेथील जाणकारांनी त्यांची वाखाणणी केली. परत आल्यावर त्यांच्याहून थोर गोलंदाज हिंदुस्थानात कोणी नव्हता. पण हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना मिळाले नाही. ते एम. डी. पै यांच्याकडे गेले. पै मोठ्या मनाचे गृहस्थ होते. १९१३ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितले, की हा मान माझ्याहून ज्येष्ठ व अनुभवी अशा बाळूंना मिळावयास हवा होता. निवड करणाऱ्यांनी ते ऐकले आणि सोडून दिले. वर्षे गेली. शिवराम आले, गणपत आले, विठ्ठल आले. एकाच घरातील चार भाऊ संघात खेळले. पण कप्तानपद त्या घराकडे वळले नाही.

१९२० साल उजाडले. त्या वर्षीच्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले. मार्चमध्ये माणगावला परिषद भरली आणि शाहू छत्रपती तीस उपस्थित राहिले. वर्षअखेर नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने असहकाराबरोबर अस्पृश्यतानिवारणाचीही हाक दिली. असे वारे सुटले असताना मुंबईत चौरंगी सामन्यांची निवड झाली. पै आजारी होते. बाळूंना संघातून वगळण्यात आले. त्यांचे वय चव्वेचाळीस होते, तेव्हा ते एक वेळ समजू शकते. पण कप्तानपद विठ्ठलांना न देता ते पुण्याच्या दि. ब. देवधरांना देण्यात आले. देवधर उमदे खेळाडू होते, पुढे तर ते महाराष्ट्राच्या क्रिकेटचे भीष्माचार्य झाले. त्यांचा येथे काही दोष नव्हता. पण त्या वेळी ते विठ्ठलांहून कनिष्ठ होते. विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि वृत्तपत्रांतून निवेदन प्रसिद्ध केले. आम्हाला खेळाच्या कसोटीवर डावलले नसून जातीच्या कसोटीवर डावलले आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या निवेदनाने मुंबईत खळबळ उडाली. वृत्तपत्रांत पत्रांचा पाऊस पडला. अखेर अंतिम सामन्यापूर्वी तडजोड झाली. पै बरे होऊन कप्तान झाले, बाळूंना पुन्हा घेऊन उपकप्तान करण्यात आले, दोघे भाऊ परत आले. आणि त्या सामन्यात पै काही काळ मैदान सोडून गेले, म्हणजे तेवढा वेळ का होईना, हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंच्या हाती आले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदूंचे रीतसर कप्तान झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरविले. लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरविले. ज्यांच्या आजोबांनी या माणसाची सावली अंगावर पडू दिली नसती, त्यांचे खांदे त्या गर्दीत होते. विठ्ठलांनी पुढे १९४८ मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. आपल्याकडे हे पुस्तक फारसे कोणी वाचीत नाही, याची खंत वाटते.

समजा, १९२० मध्ये जिमखान्याच्या घटनेत आमच्या चिटणिसांचे कलम असते. पालवणकर बंधूंचे निवेदन नियमबाह्य ठरले असते. निवड समितीची बैठक मात्र नियमाला धरून झाली असती. कारण समितीत कोणी जातीचा उच्चार केला असेल असे नाही. तेथे 'आमच्या मते अमुक योग्य' एवढेच म्हटले जाते. जे न बोलता चालते त्याला कलम अडवीत नाही. जे बोलून थांबवावे लागते त्यालाच ते अडविते.

येथवर ऐकून कोणाला वाटेल, की वक्त्याचा कल पाटी काढून फेकण्याकडे आहे. थोडे थांबा. या मैदानाची दुसरीही एक बाजू आहे आणि ती मला इतकी सरळ दिसत नाही.

चौरंगी सामने १९३० ते १९३३ पर्यंत बंद राहिले. सविनय कायदेभंगाची चळवळ चालू होती. १९३० च्या जूनमध्ये एस्प्लनेड मैदानावर जमलेल्या सत्याग्रहींवर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. जेथे डोकी फुटली तेथे टाळ्या पिटीत बसणे लोकांना रुचले नाही. १९३४ मध्ये सामने पुन्हा सुरू झाले आणि १९३७ मध्ये ब्रेबोर्न स्टेडियम उभे राहिल्यावर तिकडे गेले. त्याच वर्षी 'दि रेस्ट' म्हणजे उरलेल्यांचा पाचवा संघ घेऊन त्यांना पंचरंगी करण्याचे ठरले. गंमत अशी, की त्या पहिल्याच वर्षी हिंदू जिमखान्याने भाग घेतला नाही. कारण काय, तर नव्या स्टेडियमवर कोणत्या जिमखान्याला किती जागा द्यावयाच्या यावरून तंटा. खुर्च्यासुद्धा जमातवार वाटावयाच्या होत्या!

१९४० मध्ये प्रकरण निकराला आले. महायुद्ध चालू होते. ऑक्टोबरात विनोबांपासून वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला होता आणि पुढारी एकामागून एक तुरुंगात जात होते. अशा वेळी सामने भरवावेत काय, हे विचारावयास डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ वर्ध्यास गांधीजींकडे गेले. गांधीजींनी आपली सहानुभूती सामने बंद व्हावेत असे म्हणणाऱ्यांकडे असल्याचे सांगितले, आणि त्यासाठी दोन कारणे दिली. पहिले असे, की जग युद्धात होरपळत असताना व देशाचे नेते तुरुंगात असताना हा उत्सव शोभत नाही. दुसरे असे, की कॉलेजांचे सामने, संस्थांचे सामने आपण समजू शकतो. पण हिंदूंचा संघ, पारशांचा संघ, मुसलमानांचा संघ हे आपल्याला कधीच समजलेले नाही. खेळात तरी असले भेद नसावेत.

ही दोन कारणे एका दमात सांगितली गेल्यामुळे लोकांनी ती एकच धरली. माझ्या मते ती निरनिराळ्या जातीची आहेत, आणि आमच्या बुद्धिबळ मंडळाच्या कलमाची किल्ली येथेच आहे.

पहिले कारण मैदानाबाहेरचे आहे. देशावर संकट असताना खेळावे की न खेळावे, याविषयी दोन प्रामाणिक देशभक्तांची दोन मते होऊ शकतात. लढाईच्या काळात चार घटका करमणूक हवी असे म्हणणारा माणूस देशद्रोही ठरत नाही. हा प्रश्न जिमखान्यात मतास टाकला तर सभासदांमध्ये फूट पडते, आणि झालेही तसेच. हिंदू जिमखान्याच्या सभेत मोठी वादावादी झाली आणि थोड्या मताधिक्याने त्या वर्षी न खेळण्याचा ठराव झाला. पुढच्या वर्षी संघ पुन्हा मैदानात उतरला.

दुसरे कारण मैदानाच्या आतले आहे. संघ कोणत्या तत्त्वावर निवडावा, हा क्रिकेटचाच प्रश्न आहे. त्याला बाहेरचे राजकारण म्हणून टाळता येत नाही, कारण तो टाळला तरी दरवर्षी संघ निवडावाच लागतो आणि निवडताना त्याचे एक उत्तर द्यावेच लागते. 'बॉम्बे क्रॉनिकल'ने हेच म्हणणे सातत्याने मांडले. त्याचे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी आणि क्रीडा-संपादक जे. सी. मैत्र या दोघांनीही पंचरंगीवर टीका चालविली. रेडिओवरून सामन्यांचे वर्णन करून ज्यांनी ते घरोघर पोहोचविले ते बॉबी तल्यारखानही पुढे या सामन्यांच्या विरुद्ध उभे राहिले.

सामन्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे, कारण ते पोकळ नव्हते. ते म्हणत, की येथे द्वेष कोठे आहे? आणि खरोखरच, १९४४ च्या अंतिम सामन्यात मुसलमान संघाने हिंदूंवर अवघा एक गडी राखून विजय मिळविला, के. सी. इब्राहिम अखेरपर्यंत नाबाद राहिले, तेव्हा हरलेल्या संघाचे कप्तान विजय मर्चंट यांनी विजेत्यांचे अभिनंदन केले आणि हिंदू प्रेक्षकांनीही टाळ्यांचा कडकडाट केला. देशात त्या वेळी काय वातावरण होते हे ध्यानात घेतले, म्हणजे त्या टाळ्यांचे मोल कळते. शिवाय प्रांतवार संघांची रणजी स्पर्धा १९३४ पासून चालू होती, पण तिला पंचरंगीची गर्दी कधी लाभली नाही.

हे सारे मान्य करूनही एक चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. १९४३ चा अंतिम सामना. हिंदूंनी पाच बाद ५८१ धावा केल्या, त्यात मर्चंट नाबाद २५०. समोर 'उरलेल्यां'चा संघ १३३ धावांत बाद होऊन पुन्हा खेळावयास आलेला. त्यातून विजय हजारे उभे राहिले आणि त्यांनी एकट्याने ३०९ धावा काढल्या. संघाच्या सर्व धावा ३८७. दुसऱ्या टोकाला त्यांचे बंधू विवेक. दोघांनी मिळून ३०० धावांची भर घातली, त्यात विवेक यांच्या २१. सामना डावाने गेला, पण हा खेळ अजून लोकांच्या आठवणीत आहे. आता हे हजारे कोण? सांगलीचे. मराठी बोलणारे. रणजी सामन्यांत ते महाराष्ट्राकडून खेळलेले होते आणि पुढे बडोद्याकडून खेळले. पण ते ख्रिस्ती. म्हणून ब्रेबोर्नवर त्यांची गणना 'उरलेल्यां'त. सांगलीचा माणूस मुंबईत उरलेला का व्हावा? या प्रश्नाला टाळ्यांचे उत्तर पुरत नाही.

१९४६ च्या आरंभी पंचरंगी सामने अखेरचे झाले. त्यानंतर क्रिकेट नियामक मंडळाने ते बंद करून त्यांच्या जागी विभागवार सामने सुरू केले. दीड वर्षाने देशाची फाळणी झाली. सामन्यांमुळे फाळणी झाली असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे इतिहासाला सोडून होईल. मुंबईची गर्दी पाहून आनंदाने घरी जाई. पण जो देश आपल्या तरुणांना दरवर्षी थंडीत धर्मवार रांगेत उभे करी, त्याला तसे उभे राहणे स्वाभाविक वाटू लागले होते, एवढे तरी म्हणावे लागते.

आता बाहेरचे राजकारण मैदानाकडे कशासाठी येते, हेही पाहिले पाहिजे. बाळूंच्याच चरित्रात ते आहे. तरुण आंबेडकरांना त्यांचा मोठा अभिमान होता. परंतु १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या, आणि १९३७ च्या मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे केले. बाळू सुमारे दोन हजार मतांनी पडले. ते स्वतःच्या विचाराने उभे राहिले होते आणि तो त्यांचा अधिकार होता. पण पक्षाला त्यांच्यात काय हवे होते? त्यांच्या डाव्या हाताची पुण्याई हवी होती. मैदानावर मिळविलेली कीर्ती मतपेटीत ओतून घ्यावयाची होती. ज्या दोन माणसांचा दोन वाटांनी एकाच अन्यायाशी झगडा होता, ती एकमेकांसमोर उभी राहिली. पक्ष आपल्या मंडळांच्या दाराशी येतात ते बहुधा काही मागावयास येतात : नाव, गर्दी, व्यासपीठ. त्यांना दारातच नमस्कार करून परत पाठविण्यात काही गैर नाही. बाळू १९५५ मध्ये वारले. त्यांची आठवण निवडणुकीने राहिलेली नाही.

तेव्हा आमच्या मंडळाच्या कलमाचे काय? मी चिटणिसांना सांगितले, की माझी ती डोलावलेली मान मी परत घेतो. आपल्याकडे झालेल्या दोन भांडणांना तुम्ही एकाच शिक्क्याने राजकारण म्हणता, पण ती दोन आहेत. दिल्लीत आणि मुंबईत कोणी राज्य करावे, हे आपल्या पटावर ठरावयाचे नाही. तो वाद तुम्ही बाहेर ठेवा. चपलांबरोबर पायरीवर ठेवा. जाताना ज्याने त्याने आपापला घालून जावा. त्या दोघा स्नेह्यांनाही हे मी समजावून सांगेन. पण आपल्या पटावर कोणी बसावे, कोण बिचकून बाहेर राहिले आहे, चहा कोणाला कोठे मिळतो आणि कप्तान कोण होतो, हा आपल्या घरचा प्रश्न आहे. तो विचारणाऱ्याने येथे राजकारण आणलेले नाही. ते येथे होतेच. त्याने फक्त त्याचे नाव घेतले.

यावर चिटणिसांनी एक रास्त शंका काढली. ते म्हणाले, 'आतले कोणते आणि बाहेरचे कोणते हे नेहमी इतके स्पष्ट असते काय? गांधीजींनीच दोन्ही एकत्र सांगितली ना?' त्यांचे म्हणणे खरे आहे. ही रेघ काही वेळा पुसट होते. अशा वेळी मी एक साधी परीक्षा सुचविली. प्रश्न आला, की पाहावे : याचा निर्णय करणे आपल्या मंडळाच्या हाती आहे काय? नसेल तर तो पायरीवर. असेल तर तो सभेपुढे, मग तो कितीही कडू असो. पोलोचे घोडे हटविणे त्या तरुणांच्या हाती नव्हते, पण मैदान त्यांचे होते म्हणून त्यांना अर्ज करता आला. मातीच्या भांड्याच्या जागी कप ठेवणे क्लबाच्या हाती होते. कप्तान निवडणे जिमखान्याच्या हाती होते. आणि ओढ्यापलीकडे आठवड्यातून एक दिवस पट नेणे आमच्या हाती आहे.

आमच्या मंडळाची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. चिटणिसांचे कलम मी म्हणतो त्या दुरुस्तीसह विषयपत्रिकेवर आले आहे; पण त्याच्या आधी, पहिल्या क्रमांकावर, त्या तरुण सभासदाचा प्रश्न घ्यावा असा मी आग्रह धरला आहे. दुरुस्ती मंजूर होईलच असे मी सांगू शकत नाही. जुने सभासद पुष्कळ आहेत आणि मीही त्यांच्यातलाच असल्यामुळे त्यांची मने मला ठाऊक आहेत. पण शाळेच्या मुख्याध्यापकांना मी भेटून आलो आहे. ते म्हणाले, शनिवारी दुपारी दोन वर्ग रिकामे असतात, बाके हलवावी लागतील. मी म्हटले, बाके आम्ही हलवू.